शशधर मुखर्जी नक्की करायचे काय?

गोरेगावकर: मंडळी, काल 'नागिन' परत बघितला, नंतर 'तुमसा नहीं देखा'. दोन्हीकडे निर्माता एस. मुखर्जी, म्हणजे शशधर मुखर्जी. दिग्दर्शक वेगळे, संगीतकार वेगळे, हा माणूस मात्र आहेच. म्हणजे हा फक्त पैसेवाला शेठ होता का?

जुनी_तबकडी: शेठ कसला! मालाडला बॉम्बे टॉकीज या फिल्म कंपनीत साउंड खात्यात होते ते. मेहुण्याला तिथे चिकटवलं तो अशोक कुमार. मग १९४३ चा 'किस्मत', जो कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तीन वर्षांच्या वर चालला, त्याचे निर्माते हेच. त्याच सुमारास तिथलं राजकारण इतकं वाढलं की हे, अशोक कुमार, ज्ञान मुखर्जी, रायबहादूर चुनीलाल (संगीतकार मदन मोहनचे वडील) सगळे बाहेर पडले आणि गोरेगावला फिल्मिस्तान हा स्वतःचा स्टुडिओ काढला. आता काम काय करायचे ते ऐक. संगीतकार हेमंत कुमारना मुंबईत जम बसेना, निघाले परत कलकत्त्याला. मुखर्जी म्हणाले जा खुशाल, पण आधी एक हिट दे आणि मग जा. ती हिट म्हणजे तू काल बघितलास तो 'नागिन', १९५४. (त्यातली बीन ही बीन नाहीच हां, कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर वाजवलीय.) माणूस धरून ठेवणं, हेच काम.

फुकटचा_सल्ला: सहमत, पण फार देव्हाऱ्यात बसवू नका. नवी माणसं घेतली की बजेट आटोक्यात राहतं, हा हिशोबही असणारच की. तरी नजर होती हे मान्य, नासिर हुसेन त्यांच्याकडे लेखक होता त्याला दिग्दर्शन दिलं, शम्मी कपूरचे सिनेमे धडाधड पडत होते तरी घेतला, आशा पारेखला दिग्दर्शक विजय भट्टांनी नको म्हटलं तर हिला मुखर्जींच्याच नंतरच्या फिल्मालय स्टुडिओने 'दिल देके देखो'त हिरॉइन केलं. आणि १९६० ला 'लव्ह इन सिमला'मध्ये साधनासमोर हिरो कोण, तर स्वतःचा मुलगा जॉय 😄

गोरेगावकर: अच्छा, म्हणजे अंबोलीचं फिल्मालय पण यांचंच! कॉलेजला जाताना रोज बसमधून गेट बघायचो, कधी डोक्यातच आलं नाही.

चितळकर_फॅन: एवढं सगळं लिहिलंत आणि आमच्या अण्णांचं, संगीतकार सी. रामचंद्र (चितळकर) यांचं, नाव नाही? त्यांचं संगीत असलेला १९४७ चा 'शहनाई' फिल्मिस्तानचाच. 'आना मेरी जान संडे के संडे' लावा आधी, मग बोलू.