मदत हवी आहे: १९७१ची फियाट १२४ स्पोर्ट कूपे घ्यावी का?

मोटारवाइंडर (चोपडा)

नमस्कार मंडळी. माझं शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान आहे, त्यामुळे हात काळे करायची सवय आहे. घरी जिभाऊंची १९८६ची पद्मिनी आहे, स्टेअरिंगवरच्या गियरची. ती मीच सांभाळतो. वर्षातून एकदा तिला घेऊन मनुदेवीला जातो, बाकी वेळ ती पत्र्याच्या शेडमध्ये असते.

आता खरा विषय. मुंबईत एक फियाट १२४ स्पोर्ट कूपे विकायला आहे. १९७१ची, कागदावर १६०८ सीसी, पुढे चार गोल दिवे, स्टेअरिंग डावीकडे. मालक सांगतो की एका दूतावासातल्या साहेबाने ती आणली, जाताना इथेच विकली, त्यानंतर तीन हात फिरली. बारा वर्षं एका गाळ्यात उभी आहे. किंमत साडेनऊ लाख सांगतोय. गाळा रिकामा करून द्यायचाय म्हणून घाईत दिसतो.

ही गाडी डोक्यात शिरण्याचं कारण तिचं इंजिन. ऑरेलियो लँप्रेदी म्हणजे आधी फेरारीची इंजिनं करणारा माणूस. त्याने फियाटच्या साध्या चारचाकीसाठी दोन कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) इंजिन केलं आणि ते कॅम साखळीऐवजी दातेरी रबरी पट्ट्यावर फिरवले, तेही साठच्या दशकात! कूपे जिनिव्हाला १९६७ साली दाखवली. चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्या काळात आपल्याकडे काय चालत होतं ते तुम्हाला माहीत आहे. पुण्यातली एक आल्फा रोमियो जीटी ज्युनियरही बघितली होती, डिझायनर जुजारोने बर्टोने या बॉडी घडवणाऱ्या कंपनीत असताना रेखाटलेली. देखणी आहे, पण तिचा आकडा ऐकून चहा न पिताच निघालो.

विचारायचं ते असं: बारा वर्षं उभी असलेल्या गाडीत नेमकं काय तपासू? आपल्या उन्हात ही टिकेल का? एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५च्या खाली यायला तयार नसतो. आणि कागदांचं काय? गाडी चोपड्याला आणली तर जळगाव आरटीओत नाव चढेल ना?

फोटो खाली जोडले आहेत.

तापीकाठ (भुसावळ)

भो, साडेनऊ लाखमा ट्रॅक्टर येस! मंडळीले इचारं का? 😄

मोटारवाइंडर

मंडळीला अजून फक्त "एक गाडी बघायला जातोय" एवढंच माहीत आहे. तुम्ही शांत राहा.

डुक्करफियाट (धुळे)

मी पंचवीस वर्षं जुन्या फियाटी सांभाळतोय. पहिली होती ती ११००, जिला सगळा महाराष्ट्र डुक्कर म्हणायचा, नाव तिथूनच घेतलंय. तुम्ही इंजिनावर भाळलात, हरकत नाही, पण बघायला जाल तेव्हा बॉनेट शेवटी उघडा. आधी पत्रा बघा. त्या काळातल्या इटालियन गाड्यांना गंजाचा शाप आहे आणि तुमची गाडी बारा वर्षं मुंबईच्या खाऱ्या हवेत होती. इंजिन कितीही बिघडलं तरी बोअर करता येतं, क्रँक घासता येतो, पिस्टन मागवता येतात. पण या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चॅसी. तो कुजला तर हातात काहीच राहत नाही.

लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या. दाराखालचा पट्टा म्हणजे सिल, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, पायाखालचा फ्लोअर, सगळीकडून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुटी आहे. पुढचं चाक काढायला लावा आणि आतल्या मडगार्डला जिथे शॉकअबचं वरचं टोक बसतं ती जागा बघा. १२४चं खरं दुखणं तिथे असतं.

आणि माझी जुनी युक्ती. दार उघडा, परत लावा, फट डोळ्यांत साठवा. मग त्याच बाजूला सिलखाली जॅक लावून गाडी उचला आणि पुन्हा दार उघडून बघा. दार अडायला लागलं किंवा फट बदलली, तर सिलमध्ये जीव नाही असं समजा. मालक जॅक लावू देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

फोटोत खालचा भाग ताज्या काळ्या डांबरी कोटिंगचा दिसतोय. बारा वर्षं गाळ्यात उभ्या असलेल्या गाडीला हा मेकअप कशासाठी?

फॉर्म_एकोणतीस (जळगाव)

कागदांचं सांगतो, माझं रोजचं कामच ते आहे. तुमच्या प्रश्नातलं "नाव चढेल ना" हे सगळ्यात शेवटचं पाऊल. आधी हे विचारा की गाडी देशात शिरली कशी. दूतावासाच्या गाड्या कस्टम ड्युटी न भरता येत. इथे विकायच्या तर ड्युटी भरून किंवा सरकारी मार्गाने विकाव्या लागत, बऱ्याच गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमधून गेल्या. त्याचा कागद मागा. "साहेबांनी दिली" ही गोष्ट झाली, कागद नव्हे.

मग आरसी बुक. जुनं हस्तलिखित असेल तर नोंद 'वाहन' या आरटीओच्या सरकारी संगणक प्रणालीत आहे का बघा. नसेल तर बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवणं, मुंबईच्या मालकाने करून घ्यायची, व्यवहाराच्या आधी, त्याच्या खर्चाने. त्यानंतर दुसऱ्या आरटीओत न्यायला फॉर्म २८ची एनओसी, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः पेन्सिलीने कागदावर घासून छाप घ्या, फोटोवर विसंबू नका.

दुसरा रस्ता व्हिंटेज नोंदणीचा. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली गाडी व्हीए या खास नंबरांच्या मालिकेत घेता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरणाला ५,०००. तुमची गाडी वयात बसते. पण मग ती रोज बाजारात नेता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. हे लक्षात ठेवा, का ते तुमचा तिसरा फोटो बघून कुणीतरी सांगेलच.

डावं स्टेअरिंग चालतं, फक्त मोटार वाहन कायद्याच्या कलम १२०प्रमाणे सिग्नल दाखवणारी यंत्रणा चालू स्थितीत हवी. सावद्याहून निघालेल्या केळीच्या ट्रकला डाव्या सीटवरून ओव्हरटेक करताना शेजारी कुणीतरी "जा जा" म्हणणारा लागेल, तो कायद्यात नाही.

चारगियर (नाशिक)

तिसऱ्या फोटोचं मी सांगतो. दोन कॅमच्या इंजिनाला वर दोन वेगळी कव्हरं असतात, मधे प्लगची दरी. तुमच्या फोटोत एकच चपटं रॉकर कव्हर आहे. १६०८ला दोन वेबर कार्ब्युरेटर हवेत, इथे एक. आणि पाचव्या फोटोत गियरच्या मुठीवर पाचाऐवजी फक्त चार आकडे आहेत.

ते निसानचं ए१२ आहे, ११७१ सीसी. म्हणजे प्रीमियर ११८ एनईचं इंजिन. ११८ एनई ही मुळात फियाट १२४च्याच सांगाड्यावरची, कुर्ल्याला बनणारी गाडी, त्यामुळे कुणा हुशार मिस्त्रीने ऐंशीच्या दशकानंतर कधीतरी हे लग्न लावून दिलं असावं. चालत असेल बिचारी. पण तुम्ही ज्या इंजिनासाठी जीव टाकताय ते त्या गाडीत नाही.

मोटारवाइंडर

दोन दिवस फोटो झूम करून बघत होतो आणि मला हे दिसलं नाही. कॅम कव्हर एक की दोन, एवढंही! मालकाला फोन लावला. तो म्हणतो, "हो, ओरिजिनल इंजिन पेटीत आहे, तुम्ही विचारलं नाहीत." खरंच विचारलं नव्हतं.

रविवारी जाऊन येतो. पेटीतलं इंजिन बघताना काय बघू?

चारगियर

ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. हेड तापून वाकलं की नाही ते सरळ पट्टी आणि फिलर गेज ठेवून बघा, तुमच्याकडे असतीलच. दोन्ही कॅम बॉक्स, कॅमच्या पुल्या, बेल्टचा टेन्शनर, दोन कार्ब्युरेटर, इनटेक मॅनिफोल्ड, यातलं काय आहे नि काय नाही त्याची यादी करा. सुट्या भागांत पैसा जातो. ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळला तर पेटीला किंमत आहे, नाही तर ते भंगार धरा. बेल्ट कसाही दिसो, इंजिन फिरवण्याआधी नवा टाका. पाच गियरचा बॉक्सही पेटीत आहे का, हे नक्की विचारा.

डुक्करफियाट

उन्हाचं राहिलं होतं. रेडिएटर उकलून साफ केला, थर्मोस्टॅट आणि पंखा ठीक असला तर गाडी धुळ्यातही तापत नाही, माझ्या गाड्या याच उन्हात चालतात. ऊन मारतं ते डॅशबोर्डला आणि दारांच्या रबरांना. आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुने रबरी पाइप टिकत नाहीत, ते सगळे आधी बदला. कार्ब्युरेटरच्या शेजारी पेट्रोल झिरपलं तर आग लागायला वेळ लागत नाही.

मोटारवाइंडर

जाऊन आलो. बारकाईने लिहितो, पुढे कुणाला कामी येईल.

फ्लोअर दोन ठिकाणी पत्र्याचे तुकडे रिव्हेट मारून बसवलेत आणि वरून ते डांबर. डाव्या सिलला चुंबक वीतभर लांबीत चिकटलं नाही. जॅक लावू दिला, त्यासाठी मालकाला मानलं. डावं दार अडलं. उजवी बाजू शाबूत. शॉकअबच्या जागा डुक्करफियाट दादांनी सांगितल्या होत्या त्या मात्र चांगल्या निघाल्या, टॉर्च लावून, स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघितल्या. ऑइल गळून गळून पुढचा भाग वाचला असावा.

पेटी खरी आहे. ब्लॉकचा नंबर आरसीशी जुळला! छाप घेतलाय. हेड आहे, एक कॅम बॉक्स तडकलेला, कार्ब्युरेटर एकच, टेन्शनर नाही. पाच गियरचा बॉक्स एका कोपऱ्यात, गोणपाटात गुंडाळलेला.

कस्टमचा कागद मागितला तेव्हा मालक आत गेला तो अर्ध्या तासाने आला, आणि हातात खरोखर पिवळी पडलेली फाइल होती. तिची झेरॉक्स फॉर्म_एकोणतीस यांना पाठवली आहे. त्यांचा निरोप येईपर्यंत एक रुपया देणार नाही, टोकनसुद्धा. वाहनमध्ये नोंद नाही, बॅकलॉग त्यानेच करून द्यायचं यावर तो कुरकुरत तयार झाला. मी चार लाख सांगितले. तो हसला, मग म्हणाला, साडेपाच. मी चहा पिऊन निघालो. या वेळी पिऊन.

घरीही सांगितलं. जिभाऊ फोटो बघून म्हणाले, "हाई तर आपली फियाटनी पोरगी शे." मंडळी अजून काही बोललेली नाही.

आता शेवटचं विचारतो. कागद बरोबर निघाले तर डावं सिल नवं बनवून वेल्ड करावं लागेल. ते करताना सांगाडा वाकू नये म्हणून दाराच्या चौकटीत आधार टाकून काम करणारा मिस्त्री जळगाव, धुळे किंवा नाशिकला कुणाच्या ओळखीत आहे का? ट्रकची केबिन जोडणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्या हातात हे द्यायची माझी हिंमत नाही.