झाड तोडायला अर्ज कुठे द्यायचा? शिंकांनी जीव नकोसा झालाय

कडकभाकरी: पंधरा दिवस झाले, पहाटे उठलं की वीस-पंचवीस शिंका. डोळे चोळून लाल, नाकातून नुसतं पाणी. गोळी घेतली की पेंग येते, हिशेबात चुका होतात. दारातल्या झाडाचाच त्रास आहे. लवकर सांगा.

जुळेसोलापूरकर: कुठलं झाड? कुठली गोळी?

कडकभाकरी: सिट्रिझिन. झाड गुलमोहर असेल.

पानगळ: गुलमोहर नसणार. त्याचा पराग जड आणि चिकट. नाकात जातो तो वाऱ्यावर उडणारा हलका पराग. फांद्यांना पानं नाहीत आणि चपट्या हिरव्या पापड्यांचे घोस आहेत का? मग तो वावळ.

कडकभाकरी: हो, पापड्याच! पोरं आतलं बी खातात.

गड्ड्यातलापाळणा: नाकात रोज दोन थेंब तूप सोडा. आमच्या सासऱ्यांची वीस वर्षांची सर्दी गेली.

पानगळ: ही सर्दी नव्हेच. शरीर परागातल्या प्रथिनाला शत्रू समजून आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं, ती नाकातल्या मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या मोसमात तोच पराग आला की त्या पेशी हिस्टामिन हे शिंका आणणारं रसायन सोडतात. म्हणून पहिल्या वर्षी सहसा काही जाणवत नाही.

गड्ड्यातलापाळणा: सासरे बरे झाले ते खोटं का मग?

मागवाला: यंत्रमागाच्या तंतूनंही असंच होतं ओ. काम कुठं करता? सुट्टीला बरं वाटतं का?

कडकभाकरी: टॉवेलच्या कारखान्यात, पण ऑफिसात. सुट्टीला उलट जास्त. शनिवारी गच्चीवर झोपतो ना. चादरीही तिथंच वाळतात, झटकल्या की पिवळट भुकटी उडते.

जुळेसोलापूरकर: हे आधी सांगायचं की! चादरी घरात वाळवा, खाली झोपा. पेंग न आणणारी गोळी आणि नाकाचा स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्वचेची चाचणी करायची ठरली तर आधी काही दिवस गोळी बंद ठेवावी लागते, तेही विचारा.

कडकभाकरी: मार्चमध्ये सोलापुरात घरात झोपून दाखवा. अर्जाचं बोला.

पानगळ: महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे. 1975 चा कायदा आहे, परवानगीशिवाय तोडलंत तर दंड. आणि वाऱ्यावर दुसऱ्या गल्लीतला पराग येणारच, त्याला अर्ज लागत नाही.

मागवाला: रात्री छातीत सूं-सूं वाजतं का?

कडकभाकरी: बायको म्हणते वाजतं. त्याचं काय?

मागवाला: अर्ज राहू द्या. आजच दवाखान्यात जाऊन छाती दाखवून या.