मदत हवी आहे: रेकॉर्ड लेबलचं ऑनलाइन दुकान नव्याने उभारायचंय

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यात आम्ही दोघं मित्र छोटं रेकॉर्ड लेबल चालवतो. साइट वर्डप्रेसवर, बनवणारा गायब. परवा अपडेट मारलं आणि चेकआउटचं पानच पांढरं पडलं. आता वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवणारं प्लगइन) नव्याने टाकावं की शॉपिफायवर (तयार ऑनलाइन दुकानाची सेवा) जावं? बँडकॅम्प (कलाकार-लेबलांची संगीत विकायची साइट) आहेच, पण ते डिजिटलवर १५ आणि वस्तूंवर १० टक्के घेतात. शिवाय हिशोब पेपलवर, आणि आपल्या गिऱ्हाइकाला हवं यूपीआय.

खरं डोकं खातंय ते कुरियर. एलपीचा (मोठ्या तबकडीचा) खोका ३३ × ३३ × ५ सेंमी, वजन जेमतेम अर्धा किलो. पण कुरियरवाले आकारावरून वजन धरतात: लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार भागिले ५००० केला की होतं १.०९ किलो! दोन एलपी घेतल्या तरी खोका तोच, साइट मात्र दुप्पट आकारायची. तीन एलपींपर्यंत एकच दर, असं कोणी बसवलंय का?

आणि हो, कव्हरांवर छापलेला क्यूआर जुन्या लिंकवर जातो. चारशे कव्हरं माळ्यावर पडलीत, स्टिकर कोण चिकटवत बसणार? ३०१ रीडायरेक्ट (जुनी लिंक उघडली की आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) प्रत्येक पानाला हातानेच लावावे लागतात का? डोमेन आमच्या नावावर आहे, नशीब!

जवळपास कोणी असेल तर भेटूच, मामलेदारची मिसळ आमच्याकडून.