ख्रिस्ती पॉपने अमेरिकेतली पोरं घडवली की कोंडली?

नगरी_डॅलसकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीत गॅरेज सेल होता. पाच डॉलरला सीडींचं एक खोकं उचललं, कारण वरच डीसी टॉक या ख्रिस्ती बँडची 'जीझस फ्रीक' दिसली. 1995 ची. आमच्या नगरच्या तरुण संघात तिची कॉपी मारलेली कॅसेट हातोहात फिरायची. निम्मे शब्द कळायचे नाहीत, तरी घसा फुटेस्तोवर गायचो.

घरी येऊन डब्या उघडल्या तर दोन कागद निघाले. पहिला ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातला तक्ता. डावीकडे 'तुम्हाला हे आवडतं का?' म्हणून बाजारातले बँड, उजवीकडे 'मग हे ऐका' म्हणून त्यांचे ख्रिस्ती पर्याय. रॅपला रॅप, ग्रंजला ग्रंज. श्रावणात मटणाच्या जागी सोया चंक्स, तसा प्रकार.

दुसरं 'ट्रू लव्ह वेट्स'चं कार्ड. लग्नाआधी शरीरसंबंध नाही अशी प्रतिज्ञा, खाली मुलीची गोलगोल सही आणि 1996 ची तारीख. ही मोहीम सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट पंथाने 1993 मध्ये काढली आणि पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर असली दोन लाखांवर कार्डं मांडली गेली. मी कार्ड परत द्यायला गेलो. बाई आता चाळिशी ओलांडलेल्या. हसल्या, म्हणाल्या टाकून द्या. माझ्याच्याने टाकवलं नाही.

सुरुवात किती वेगळी होती बघा. 1970 च्या आसपास कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला चक स्मिथ यांच्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये हिप्पी पोरं अनवाणी यायला लागली. नवा गालिचा खराब होतो म्हणून मंडळीतले थोर कुरकुरले, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, मग गालिचाच काढू, असं सांगतात. तिथूनच 1971 मध्ये 'मारानाथा म्युझिक' ही ख्रिस्ती गाण्यांची कंपनी निघाली. पुढच्या वर्षी इथे डॅलसला, कॉटन बोल स्टेडियममध्ये, 'एक्स्प्लो 72' हा ख्रिस्ती तरुणांचा मेळावा भरला. धर्मप्रचारक बिली ग्रॅहम बोलले, जॉनी कॅश आणि ख्रिस्ती रॉकवाला लॅरी नॉर्मन गायले.

पंचवीस वर्षांत गालिचा काढणाऱ्यांच्याच पोरांनी कुंपण घातलं. गाणं, कॅम्प, टी-शर्ट, प्रतिज्ञेची अंगठी, सगळं एका छताखाली. रेबेका सेंट जेम्सचं 2000 मधलं 'वेट फॉर मी' हे गाणं तर भावी नवऱ्याला उद्देशूनच आहे. चौदा वर्षांच्या पोरीला हे चर्चमध्ये सांगितलं तर ती जांभई देईल. चालीत घातलं की रात्री उशीखाली घेऊन झोपते. माझी मुलगी आता पंधराची आहे, म्हणून डोक्यातून जात नाही. बोला.

बेसुरा_टाळ

यात धर्म कुठे आला? धंदा आहे, सरळ. ज्या दुकानांत तो तक्ता लागायचा त्यांचं काय झालं? फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्स ही तिथली सगळ्यात मोठी साखळी 2017 मध्ये बंद पडली, लाइफवेने 2019 मध्ये आपली सगळी दुकानं गुंडाळली. सीडी खपेनात, संपला प्रभाव.

तिसरी_बाक

काका, तुम्ही खोकं विकत घेतलंत. मी त्या खोक्यात वाढले, त्यामुळे थोडं लांबड लावते.

न्यू जर्सीत मराठी ख्रिस्ती घर. घरी आईची 'उपासना संगीत' ही मराठी गीतांची वही आणि शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकन यूथ ग्रुप. तो तक्ता आमच्याही भिंतीवर होता आणि त्याला सगळ्यात जास्त आम्हीच हसायचो. पोरं इतकी भोळी नसतात हो. आई-बाबा वाचतील म्हणून उजवीकडचं नाव घ्यायचं आणि हेडफोनमध्ये डावीकडचं वाजवायचं.

तुम्हाला कुंपण दिसलं. मला त्या गाण्यांतच त्याची फट सापडली. प्रवचनात कुणी 'मला शंका आहे' म्हणत नसे. ख्रिस्ती गायिका जेनिफर नॅप म्हणायची, गिटार घेऊन, घोगऱ्या आवाजात, की मी मोडलेली आहे आणि पुन्हा पुन्हा चुकते. 2010 मध्ये तिने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. माझ्या त्या ग्रुपमधल्या दोघी जणींनी त्याच आठवड्यात एकमेकींना फोन केले. एक आज चर्चला जात नाही, दुसरी जाते. दोघींना तिची गाणी पाठ आहेत.

आणि ख्रिस्ती पॉपवाली एमी ग्रँट? 'बेबी बेबी' 1991 मध्ये बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत पहिल्या नंबरवर गेलं. गाणं सुचलं ते स्वतःच्या तान्ह्या मुलीवरून. पण व्हिडिओत नवऱ्याऐवजी दुसरा पुरुष दिसला म्हणून बोंब झाली. पुढे 1999 मध्ये घटस्फोट झाला तेव्हा काही ख्रिस्ती रेडिओवाल्यांनी तिला वाजवणं बंद केलं. आमच्यासारख्या मुलींनी त्यातून काय उचललं असेल? हेच, की घटस्फोट घेतलेली बाईसुद्धा देवाचं गाणं गाऊ शकते. हे रेडिओवाल्यांना शिकवायचं नव्हतं, पण शिकवून गेले.

प्रतिज्ञेच्या कार्डाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. त्याची लाज अंगातून काढायला मला दहा वर्षं लागली. फक्त ती गाण्यांच्या खात्यावर मांडू नका. मला ती लाज शिबिरातल्या ताईंनी दिली, त्यांच्या हातात गिटार नव्हती.

पेटीमास्तर

सलाम सर्वांना. अमेरिकेतलं मला फार ठाऊक नाही. नगरलाच पेटी वाजवण्यात हयात गेली. पण 'सैतानालाच का सगळं चांगलं संगीत द्यायचं' हा तुमच्या लॅरी नॉर्मनचा सवाल आम्हाला नवा नाही. रेव्ह. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा मिशनच्या चर्चांत इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतं गात असत. टिळकांनी अभंग आणि भजन आणलं. तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं म्हणणारा माणूस. त्यांचंही काही जणांना खटकलंच असणार.

फरक इतकाच की टिळकांची चाल या मातीतली. आता आमची पोरं 'शाउट टू द लॉर्ड' गातात ते सिडनीच्या हिलसाँग चर्चचं, आणि डोळे मिटून हात वर करण्याची तऱ्हासुद्धा व्हिडिओ बघून उचललेली. भक्तीत ड्रम आला तेव्हापासून म्हाताऱ्या बायका मागच्या बाकांवर सरकल्या आहेत. कानात कापूस घालून बसतात. थट्टा नाही, मी पाहतो.

बेसुरा_टाळ

मास्तर, मातीचं म्हणाल तर तुमची पेटी युरोपातून आलेली. परकी म्हणून आकाशवाणीने 1940 ते 1971 तिला दार बंद केलं होतं.

पेटीमास्तर

ठाऊक आहे. पण पेटीवर मागच्या बाकावरच्या बाईलाही गाता येतं. ड्रमवर तिला फक्त ऐकता येतं.

निळा_सूर

सगळे गोऱ्यांचाच इतिहास सांगताय म्हणून मध्ये पडतो. 'रस्त्यावरचं संगीत चर्चमध्ये' ही भानगड हिप्पींनी सुरू केली नाही. थॉमस डॉर्सी हा ब्लूज गायिका मा रेनीबरोबर वाजवणारा काळा पियानोवाला. 1932 मध्ये बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं, त्या दुःखात त्याने 'प्रेशस लॉर्ड' लिहिलं. शिकागोतल्या प्रतिष्ठित काळ्या चर्चांनी आधी त्याला बाहेरचाच रस्ता दाखवला होता. सिस्टर रोझेटा थार्प इलेक्ट्रिक गिटार घेऊन देवाची गाणी गात होती तेव्हा लॅरी नॉर्मनचा जन्मही झाला नव्हता. तरी दुकानात काळ्यांच्या 'गॉस्पेल'चं कपाट वेगळं आणि 'कंटेम्पररी ख्रिश्चन'चं वेगळं. आंद्रे क्राउचसारखा एखादाच दोन्हीकडे. डॅलसकर, तुमच्या खोक्यात किती काळे चेहरे आहेत, मोजा बरं.

नगरी_डॅलसकर (धागाकर्ता)

मोजले. एकोणचाळीस सीडी. कर्क फ्रँकलिनची एक, आणि डीसी टॉकमधला टोबीमॅकच्या शेजारचा मायकल टेट. बस्स. मुद्दा मान्य, मला दिसलाच नव्हता.

तिसरी_बाक, तुझा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, पोरगी बरोबर बोलतेय, तुम्ही घाबरलाय. असेल. तरी लाज ताईंनी दिली, गाण्याने नाही, हे पूर्ण पटत नाही. 1994 च्या त्या मॉलवरच्या मेळाव्यात डीसी टॉकच गायले होते. ताई आणि गिटार एकाच स्टेजवर होत्या.

बेसुरा, दुकानं मेली म्हणजे प्रभाव संपला हे चूक. उलटं झालं. पूर्वी ही गाणी पोरांच्या खोलीत असायची आणि रविवारी आजी-आजोबांची गीतं. आता पोरांचं गाणं हेच रविवारचं गाणं. काही अभ्यासकांनी 2010 ते 2020 या काळात चर्चांत सर्वाधिक गायलेली 38 गाणी तपासली, त्यातली 36 चार मोठ्या चर्चांशी जोडलेली निघाली: बेथेल, हिलसाँग, पॅशन, एलिव्हेशन. आमच्या इथलं चर्च, मास्तरांचं नगरचं, तिसरी_बाकचं जर्सीचं, तिन्हीकडे एका रविवारी तेच गाणं निघू शकतं. मला कुंपणापेक्षा आता याची जास्त भीती वाटते. त्या तक्त्यावर निदान दोन रकाने होते.

तिसरी_बाक

मेळाव्याचं खरं आहे. विसरले नव्हते, टाळलं होतं.

पण काका, सगळेच विकायला बसले नव्हते. गायक कीथ ग्रीनने 1980 चा अल्बम 'ज्याला जमेल ते द्या' म्हणून वाटला, त्यासाठी घर गहाण टाकलं. काही न देता पण नेता यायचा. 1982 मध्ये टेक्सासमध्येच विमान पडून गेला, दोन लहान मुलंही गेली. त्याच्या गाण्यांत आरामखुर्चीतल्या ख्रिस्ती लोकांवर इतके फटके आहेत की आजच्या स्टेजवर त्याला कुणी उभं करणार नाही. आम्हाला तोसुद्धा याच खोक्यातून मिळाला.

बेसुरा_टाळ

हा माणूस मला माहीत नव्हता. घर गहाण टाकून फुकट वाटणाऱ्याला धंदेवाईक म्हणता येत नाही, एवढं मागे घेतो. बाकीचं नाही.

पेटीमास्तर

डॅलसकर, तुमची मुलगी काय गाते?

नगरी_डॅलसकर (धागाकर्ता)

चर्चच्या वरशिप टीममध्ये बेस गिटार वाजवते, मास्तर. तोंड उघडत नाही. मी विचारलं तर म्हणते, गाण्याचे शब्द मला पटत नाहीत, पण बेसलाइन पटते.

निळा_सूर

ही मुलगी बरोबर मार्गाला लागलीये.

खोक्यात ती कीथ ग्रीनची आहे का? असेल तर पाठवता का? सीडीचे किती आणि पोस्टेज किती, सांगा.

नगरी_डॅलसकर (धागाकर्ता)

आहे. जमेल ते द्या.