मदत हवी आहे: दिवसभर मातीत हात असणाऱ्या मुलीसाठी साखरपुड्याची अंगठी

नमस्कार मंडळी,

साखरपुड्याला चार महिने आहेत. अंगठीचं सगळं तिनं माझ्यावर सोपवलंय. "तू आणशील ती घालीन, आणि रोज घालीन," असं म्हणाली. त्यातल्या 'रोज'पाशी माझं घोडं अडलंय, म्हणून हा धागा.

ती कुंभारकाम करते. छंद म्हणून नाही, पोटापाण्याचा उद्योग म्हणून. दिवसातले सहा-सात तास हात ओल्या मातीत, मग झिलईच्या बादल्या ढवळणं, भट्टीतल्या जड फरशा उचलणं, हात धुणं आणि पुन्हा माती. सध्या तिच्या बोटात चांदीचं एक साधं वळं असतं. चाकावर बसण्याआधी ती ते काढून शेजारच्या लहानशा वाटीत ठेवते. काढताना ते सांध्यावर अडतं. मग बोट पाण्यात बुडवून, फिरवत फिरवत ओढते. काम संपलं की घालायचं विसरते आणि रात्री बोटावरची फिकट खूण दिसली की आठवतं, वळं वाटीतच राहिलं. जवळून पाहिलं तर त्या चांदीला चकाकी अशी उरलेलीच नाही, बारीक चऱ्यांनी सगळी धुरकट झाली आहे आणि आतल्या कडेला वाळलेल्या मातीची रेघ असते.

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती कॅरेटचा हिरा दाखवू?" मला आधी सांगायचं असतं ते या हातांबद्दल.

घाई न करण्याला घरचंही एक कारण आहे. आईच्या अंगठीतला खडा मी शाळेत असताना पडला. चार प्रॉंगमध्ये, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या चार बारीक पंजांत तो बसवलेला होता. एक पंजा झिजून पातळ झाला होता, तो स्वेटरच्या धाग्यात अडकून वर उचलला गेला आणि खडा कुठे गेला ते कळलंच नाही. आम्ही फरशी हातानं चाचपली, मोरीचा पाईप उघडला, कचरा वर्तमानपत्रावर पसरून निवडला. ती अंगठी अजून डबीत आहे, चार पंजे आणि मध्ये रिकामी जागा. आईनं ती पुन्हा कधी घातली नाही. हिची अंगठी अशी डबीत जाऊ नये, एवढंच मला हवंय.

आता खड्याबद्दल. तिला हिरवा रंग आवडतो. तिच्या निम्म्या भांड्यांवर एक फिकट, राखाडीकडे झुकणारी हिरवी झिलई असते, ती जमवायला तिला दोन वर्षं लागली. त्यामुळे माझ्या मनात पहिल्यांदा पाचूच आला. पण जितकं वाचलं तितकी धाकधूक वाढली. फ्रीडरिश मोह्स यांनी 1812 मध्ये मांडलेल्या काठिण्याच्या मापावर हिरा 10 वर, नीलम आणि माणिक 9 वर, तर पाचू साडेसात ते आठच्या दरम्यान. मातीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ 7 वर आहे, म्हणजे निव्वळ ओरखड्यांच्या हिशेबात पाचू तसा तगून जाईल. खरी अडचण दुसरी आहे. पाचूच्या पोटात जवळजवळ नेहमीच बारीक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंत तेल किंवा राळ भरलेली असते. गरम पाणी, साबण, अल्ट्रासॉनिक यंत्रातली सफाई यांनी ते निघून जाऊ शकतं, आणि भट्टीच्या फरशीवर एक ठोका बसला तर टवका उडणार. मोती आणि ओपल तर याहून मऊ, ते मी केव्हाच सोडून दिले.

हिऱ्याबद्दलही माझा एक गैरसमज होता. सगळ्यात कठीण म्हणजे फुटणारच नाही, असं मी धरून चाललो होतो. कठीण म्हणजे चरा पडत नाही, एवढंच. हिऱ्यात चार दिशा अशा आहेत की त्या दिशेनं नेमका फटका बसला तर तो दुभंगतो. टोकदार कोपऱ्यांचे घाट, म्हणजे चौकोनी प्रिन्सेस किंवा दोन्हीकडे निमुळता मार्कीझ, या बाबतीत जास्त नाजूक. लॅबमध्ये वाढवलेला हिराही रासायनिकदृष्ट्या हिराच, त्यामुळे टिकाऊपणात फरक नाही. पुन्हा विकताना त्याला फारसं मोल येत नाही म्हणतात, पण ही अंगठी विकायची नाहीच. मॉइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडा, तोही सव्वानऊवर आहे, पण त्याची रंगीबेरंगी चमक हिऱ्याहून बरीच जास्त असते आणि ती तिच्या स्वभावाची नाही.

मग कळलं की नीलम फक्त निळा नसतो. लाल सोडून सगळ्या रंगांत मिळतो (लाल झाला की त्यालाच माणिक म्हणतात), आणि हिरवाही असतो. काठिण्य 9, हिऱ्यासारखा ठरावीक दिशांनी सहज दुभंगत नाही. बहुतेक नीलम तापवून रंग सुधारलेले असतात. तो रंग टिकतो, त्याचं मला काही वाटत नाही. भेगांत काच भरलेला खडा मात्र नको, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल घेणार आहे. आकार मी कॅरेटमध्ये न विचारता मिलिमीटरमध्ये विचारतोय. कॅरेट हे वजन आहे, 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. नीलम हिऱ्यापेक्षा घन असल्यामुळे तेवढ्याच वजनाचा नीलम लहान दिसतो. शिवाय 1 कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिमीचा, तर अर्ध्या कॅरेटचा सव्वापाचच्या आसपास. वजन निम्मं झालं तरी बोटावर फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा.

जडणीबद्दल माझं मत जवळजवळ पक्कं झालंय: कोंदण. खड्याच्या सगळ्या कडेनं सोन्याची पट्टी, अडकायला टोक नाही, माती साचायला फटी कमी. उंच प्रॉंगमध्ये बसवलेला एकच खडा दिसतो फार सुंदर, हे मान्य. 1886 पासून चालत आलेली ती सहा पंजांची घडण उगाच टिकलेली नाही, खड्यात खालून-बाजूनं उजेड शिरतो. पण हातमोजा घालताना ती पहिली अडकते.

धातूवर मी गोंधळलोय. (सोन्याचं कॅरेट वजनाचं नाही, शुद्धतेचं.) 18 कॅरेटमध्ये 75 टक्के सोनं, 14 कॅरेटमध्ये साधारण 58. पिवळ्या सोन्यात सहसा 14 जास्त कणखर, 18 चा रंग जास्त उबदार. पांढऱ्या सोन्यावर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा असतो, तो रोजच्या घासण्यानं उडतो आणि पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, म्हणून ते बाद. प्लॅटिनमला चरे पडतात, पण धातू झिजून जाण्याऐवजी बाजूला सरकतो, ही गोष्ट मला आवडली. मात्र ते 14 कॅरेटच्या तशाच अंगठीपेक्षा दीडपट जड असतं आणि दिवसभर बोटं वापरणाऱ्याला ते खुपेल का, ते घातल्याशिवाय कळायचं नाही.

तर जाणकारांनो, ज्यांचे हात दिवसभर कामात असतात (माती, प्रयोगशाळा, रुग्णालय, सुतारकाम, काहीही) त्यांनी सांगा: कोंदणातली अंगठी पाच-दहा वर्षं वापरल्यावर कशी दिसते? कोंदणाची कडही झिजते का, आणि खडा सैल झाल्याचं आधी कशानं कळतं? सुरुवातीपासूनच मॅट फिनिश घेतलं तर चरे खपून जातात का? आणि ज्यांना सांध्याचा त्रास आहे, त्यांनी माप सांध्याचं दिलं की बोटाच्या मुळाचं?

भर, आठवड्यानंतर:

सगळ्यांचे मनापासून आभार. "तिलाच विचार" असं बऱ्याच जणांनी सांगितलं. विचारलं. खडा तिला माझ्याकडूनच हवाय, पण बोट तिनं आनंदानं मोजू दिलं, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा, कारण उकाड्यानं आणि कामानं बोटं फुगतात असं इथेच कुणीतरी लिहिलं होतं. चांदीच्या वळ्याचा आतला व्यास 17 मिमी, म्हणजे घेर साडेत्रेपन्नच्या जवळ. संध्याकाळी सांध्याचा घेर त्याहून दीड मिमीनं जास्त भरला. सोनारांनी सुचवलं की माप सांध्यावरून सरकेल असं घ्यावं आणि आतल्या बाजूला खालच्या अंगाला दोन बारीक मणी डागावेत, म्हणजे अंगठी मुळाशी फिरत नाही. कुणी असं करून घेतलंय का?

खडे पाहायला जाताना तिच्या झिलईचा एक नमुना, अंगठ्याएवढी खापरी, खिशातून नेली होती. दुकानातल्या दिव्यांखाली सहा खडे तिच्याशी जुळत होते. दाराशी, दिवसाच्या उजेडात नेले तेव्हा दोनच उरले. एक 6.1 मिमीचा, रंग अगदी खापरीचा, पण मधोमध आरपार दिसतं. खालचा भाग उथळ कापलाय, त्यामुळे मध्ये 'खिडकी' पडली आहे आणि तिथून खालची बोटाची कातडी दिसते. दुसरा 5.4 मिमीचा, पैलू उत्तम, कुठूनही पाहिला तरी जिवंत वाटतो, पण रंग एक छटा गडद. माझा जीव दुसऱ्यावर आहे. भीती एवढीच की चहूबाजूंनी बंद कोंदणात गेल्यावर तो आणखी काळपट दिसेल. कोंदणाला खालून खुलं ठेवलं तर फरक पडतो का? ज्यांनी गडद नीलम कोंदणात बसवून घेतलाय, त्यांनी शक्य असल्यास खिडकीजवळच्या उजेडातला फोटो टाका. सोनारांनी दोन्ही खडे शनिवारपर्यंत बाजूला ठेवले आहेत.