मदत हवी आहे: २०२७ मध्ये युरोपात नाटक, नृत्य आणि चित्र-शिल्प प्रदर्शनं बघायची आहेत, कधी आणि कुठे जावं?

नमस्कार मंडळी,

२०२७ मध्ये मी आणि माझी आत्या युरोपला जायचं ठरवतोय. आत्या कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवायची, आता निवृत्त आहे, सत्तरीला टेकली आहे. मी पुण्यात प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते. सात दिवसांत पाच देश असा दौरा आम्हाला नको आहे. चांगलं काम जिथे बघायला मिळेल तिथे जायचं, आणि ते नीट बघून होईपर्यंत तिथेच राहायचं.

२०२७ हेच वर्ष धरण्याचं कारण जर्मनीतल्या कासेलची डॉक्युमेंटा. दुसऱ्या महायुद्धात बाँबनी उद्ध्वस्त झालेल्या या गावात आर्नोल्ड बोडं या चित्रकार-शिक्षकाने १९५५ साली हे प्रदर्शन सुरू केलं. नाझींनी ज्या आधुनिक कलेला 'विकृत' ठरवून हद्दपार केलं होतं, ती लोकांसमोर परत आणायची म्हणून. आता ते दर पाच वर्षांनी, शंभर दिवस भरतं. सोळावी डॉक्युमेंटा १२ जून ते १९ सप्टेंबर २०२७ अशी आहे आणि तिची सूत्रं न्यूयॉर्कच्या नेओमी बेकविथ यांच्याकडे आहेत. १९९२ साली भूपेन खख्खर आणि २०१२ साली नलिनी मालानी यांचं काम तिथे होतं, तेव्हापासून आत्याच्या मनात ते गाव आहे. आणखी एक योग म्हणजे म्युन्स्टर शहरातला शिल्पप्रकल्प. तो १९७७ पासून दर दहा वर्षांनीच होतो, आणि २०२७ ही त्याची पाळी आहे. पुढचा २०३७ ला. आत्या म्हणते, तोपर्यंत थांबायची माझी तयारी नाही.

आता माझी अडचण. मला नाटक आणि नृत्यही तितकंच बघायचं आहे. जूनमध्ये प्रागला नेपथ्य-प्रकाश-वेशभूषेचं चौवार्षिक प्रदर्शन, जुलैत फ्रान्समधला आविन्यों नाट्यमहोत्सव, जुलै-ऑगस्टमध्ये व्हिएन्नाचा इम्पुल्सटान्झ नृत्यमहोत्सव, ऑगस्टमध्ये एडिंबरा महोत्सव. वाचावं तितकी यादी वाढत चालली आहे. सुट्टी साधारण तीन आठवडे मिळेल. आम्हा दोघींना जर्मन, फ्रेंच येत नाही, इंग्रजी येतं. आत्याला चालता येतं, पण सलग दोन-तीन तास उभं राहणं जमत नाही.

कोणता महिना निवडावा? भाषा न येता तिथली नाटकं बघण्यात अर्थ आहे का? आणि तिकिटं किती आधी काढावी लागतात? कोणी प्रत्यक्ष जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद, कलोनहून

ताई, महिना निवडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, ती प्रवासाच्या माहितीपत्रकांत नसते. जर्मनीतली सरकारी अनुदानावर चालणारी नाट्यगृहं जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात. शाळांसारखीच त्यांना उन्हाळी सुट्टी असते. बर्लिनला ऐन जुलैत गेलात तर बर्लिनर आंसांब्ल, शाउब्युनं, डॉइचेस थिएटर यांची दारं बंद दिसतील. नवा हंगाम ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये उघडतो. म्हणजे डॉक्युमेंटा आणि बर्लिनचं नाटक एकाच फेरीत हवं असेल तर जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे, एवढीच जागा आहे. माझं मत स्पष्ट आहे, सप्टेंबरमध्येच या.

त्याच दिवसांत आमच्याजवळच्या रुअर भागात रुअरट्रिएन्नालं हा कलामहोत्सव चालू असतो, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. कोळसा-पोलाद संपल्यावर ओस पडलेल्या कारखान्यांत नाटक, नृत्य, संगीत. बोखुमचा यारहुंडर्टहाल हा प्रचंड हॉल १९०२ च्या ड्युसेलडॉर्फ प्रदर्शनासाठी बांधला होता, नंतर तो उचलून बोखुमला आणला आणि तिथे पोलाद कारखान्याचं वीजघर झालं. तुम्ही प्रकाशयोजना करता म्हणून सांगते, त्या लोखंडी छताखाली एक दिवा कुठे लावायचा हाही मोठा निर्णय असतो, आणि तिथे काम करणारे तो किती विचाराने घेतात हे बघण्यासाठीच एक प्रयोग बघा, विषय कोणताही असो. ड्युइसबर्गचा जुना थिसेन पोलाद कारखाना १९८५ ला बंद झाला, आता तिथे बाग आहे. त्याच्या भट्ट्यांवर जॉनथन पार्क यांनी केलेली प्रकाशरचना १९९६ पासून आहे. शनिवार-रविवार गाठून अंधार पडल्यावर जा. त्याला तिकीट लागत नाही.

भाषेचं म्हणाल तर शाउब्युनंमध्ये काही ठराविक प्रयोगांना इंग्रजी उपशीर्षकं असतात, वेळापत्रकात तशी नोंद असते. तेच प्रयोग धरा. नृत्याला अडचण नाही.

प्रतिसाद, ल्यों, फ्रान्स

कलोनच्या ताईंचं पटतंय, तरी आविन्यों यादीतून सहज खोडू नका, एवढं सांगायला लिहितोय. दिग्दर्शक झां व्हिलार यांनी १९४७ मध्ये पोपच्या वाड्याच्या चौकात नाटकं सुरू केली. त्या चौकात सुमारे दोन हजार माणसं बसतात, प्रयोग रात्री दहाच्या सुमारास सुरू होतो, वर उघडं आकाश. आपल्याकडे गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार बघणाऱ्याला ते वातावरण परकं वाटणार नाही. पीटर ब्रूक यांचं महाभारत १९८५ साली पहिल्यांदा झालं तेही आविन्योंजवळच्या बुलबों इथल्या दगडाच्या खाणीत. नऊ तासांचं.

आणि मुख्य महोत्सवाइतकाच मोठा मानावा असा 'ऑफ', म्हणजे त्याच वेळी चालणारा समांतर महोत्सव. १९६६ पासूनचा. दीड हजाराच्या वर प्रयोग, शाळेच्या वर्गात, गॅरेजमध्ये, जुन्या प्रार्थनाघरात. नट स्वतः रस्त्यावर पत्रकं वाटतात आणि थांबून आपल्या नाटकाबद्दल बोलतात. प्रायोगिक नाटक करणाऱ्या माणसाला इतक्या साध्या साधनांत उभं केलेलं इतकं काम एका गावात दुसरीकडे बघायला मिळणं कठीण. मुख्य महोत्सवातल्या बऱ्याच प्रयोगांना इंग्रजी उपशीर्षकं असतात, ऑफमध्ये मात्र बहुतेक सगळं फ्रेंच. तिकडे नृत्य, सर्कस, मूकनाट्य निवडा.

अडचण उन्हाची आहे. जुलैत पारा चाळिशीकडे जातो. आत्याबाईंना दुपारी फिरवू नका. तिकीटविक्री साधारण एप्रिलमध्ये उघडते आणि राहायच्या जागा त्याआधीच जातात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नाट्यगृहांच्या सुट्टीबद्दल मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, त्यामुळे सगळा विचारच बदलला. सप्टेंबरबद्दल एकच. २०२७ ला गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, आणि आत्या त्यासाठी पुण्याला येते. तेव्हा विसर्जन करून ६ तारखेला निघालो तर डॉक्युमेंटा संपायला दोन आठवड्यांहून कमी उरतात. एवढ्यात कासेल आणि म्युन्स्टर दोन्ही होईल का? की शेवटच्या दिवसांत गर्दीने काही बघताच येत नाही?

आविन्योंचं वाचून जीव अडकलाय. पण आत्याला चाळीस अंशात नेणं मला पटत नाही. ते मी एकटीने, दुसऱ्या वर्षी करेन.

प्रतिसाद, फ्रँकफुर्टहून

होईल, पण क्रम असा ठेवा: आधी कासेल, मग म्युन्स्टर आणि रुअर, शेवटी बर्लिन. फ्रँकफुर्टला उतरलात की जलद गाडीने दीड तासात कासेल-विल्हेल्म्सह्योहं. १९ सप्टेंबर रविवार आहे, शेवटचा शनिवार-रविवार पूर्णपणे टाळा. सोमवार ते गुरुवारात तीन पूर्ण दिवस कासेलला द्या. एका दिवसात डॉक्युमेंटा उरकणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्या हाती थकवा लागतो. प्रदर्शन एका इमारतीत नसतं, गावभर पसरलेलं असतं. पहिल्या दिवशी फक्त फ्रिडेरिशियानुम हे मुख्य संग्रहालय आणि त्याच्या आसपासचं बघा. आत्यांसाठी घडीचं हलकं स्टूल मिळतं का हे दारावर विचारा, जर्मनीतल्या मोठ्या संग्रहालयांत ते बहुधा ठेवलेलं असतं. व्हिडिओची दालनं मधे मधे ठेवलीत तर बसणंही होतं आणि बघणंही.

तिसऱ्या दिवशी तिकीट न लागणारं कासेल बघा. शिल्पकार योसेफ बॉइस यांनी १९८२ साली सात हजार ओकची झाडं लावायचा संकल्प सोडला, प्रत्येक झाडाशेजारी बसाल्टचा एक खांब. बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड. शेवटचं झाड त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ साली लागलं. दगड आहे तेवढाच राहिला आणि झाडं वाढली. चित्रकला शिकवणाऱ्या माणसाने ते रस्त्यावरून सावकाश चालत बघावं. फ्रिडेरिशियानुमसमोर वॉल्टर डी मारिया यांची एक किलोमीटर लांबीची पितळी सळई जमिनीत उभी गाडलेली आहे, १९७७ पासून. वरून दिसतं ते फक्त तिचं गोल टोक.

म्युन्स्टरबद्दल काळजी नको. तिथे मागच्या प्रकल्पांतली कितीतरी शिल्पं कायमची राहिली आहेत. आ झे तलावाकाठी क्लास ओल्डेनबर्ग यांचे काँक्रीटचे प्रचंड गोळे आणि डोनल्ड जड यांची काँक्रीटची वलयं, दोन्ही १९७७ ची. इल्या काबाकोव्ह यांचं १९९७ चं काम बघायला गवतात उताणं पडावं लागतं, कारण अक्षरं तारांनी आकाशात लिहिलेली आहेत. गाव सपाट आहे, सगळे सायकलवर असतात. आत्यांना सायकल येत असेल तर उत्तमच.

महिना सप्टेंबर असल्याने एक सोय होते. डॉइचलांडटिकिट हे देशभरचं मासिक तिकीट कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे चालतं, तुमचा सगळा प्रवास एकाच महिन्यात बसतो. त्यावर प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस सगळं फिरता येतं, जलद गाड्या मात्र नाहीत. ते वर्गणीसारखं असतं, तेव्हा त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करायला विसरू नका.

प्रतिसाद, कलोनहून

वुप्पर्टाल राहिलंच! कलोनहून अर्धा तास. नृत्यरचनाकार पिना बाउश यांची नृत्यमंडळी अजून तिथेच आहेत. पिना २००९ साली गेल्या, पण त्यांची कामं जुने नर्तक नव्या नर्तकांना अंगाअंगाने शिकवतात, आपल्या गुरु-शिष्य परंपरेसारखं. त्या भारतात अनेकदा आल्या होत्या, १९९४ मध्ये त्यांचे इथे प्रयोग झाले आणि २००७ मध्ये भारतातल्या मुक्कामातून त्यांनी एक नवी रचनाही केली. वुप्पर्टालमध्ये वर्षभरात मोजकेच प्रयोग होतात आणि तिकिटं फार लवकर संपतात, म्हणून तारखा जाहीर होताच बघा. तुमच्या दिवसांत प्रयोग नसला तर वुप्पर्टाल सोडा, केवळ तिथल्या प्रसिद्ध लटकत्या रेल्वेसाठी दिवस घालवू नका.

आणि बर्लिनला एक नाटक तुम्ही बघावंच असं मला वाटतं. पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'चं मूळ, ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांचा थ्री पेनी ऑपेरा, ३१ ऑगस्ट १९२८ रोजी शिफबाउअरडाम थिएटरमध्ये पहिल्यांदा झाला. ब्रेश्ट यांची बर्लिनर आंसांब्ल १९५४ पासून त्याच वास्तूत आहे. तिथे दिग्दर्शक बॅरी कॉस्की यांनी २०२१ मध्ये तो नव्याने बसवला. पुण्यात जब्बार पटेलांनी थिएटर अकॅडमीसाठी जे उभं केलं त्याच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना शब्द न कळताही प्रसंग कळतात. सप्टेंबरच्या वेळापत्रकात तो लागला असेल तर विक्री उघडेल त्याच दिवशी तिकीट काढा. नाही मिळालं तर प्रयोगाआधी तासभर खिडकीवर उभं राहा, परत आलेली तिकिटं मिळतात.

प्रतिसाद, मुंबईहून

व्हिसाबद्दल थोडक्यात. सगळा मुक्काम जर्मनीत असल्याने शेंगेन व्हिसा जर्मनीकडेच मागायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तुम्ही मार्च-एप्रिलमध्येच भेटीची वेळ घ्या, उन्हाळ्यात फार गर्दी होते. शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. एडिंबरा धरलं असतंत तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागला असता. अर्जासोबत डॉक्युमेंटाची तिकिटं आणि नाटकांच्या तारखा जोडा, प्रवासाचा हेतू स्वच्छ दिसतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे प्रतिसाद आत्याला फोनवर वाचून दाखवले. झाडांचं आणि बसाल्टच्या खांबांचं तिने दोनदा वाचायला लावलं. ७ सप्टेंबरला फ्रँकफुर्टला उतरून आधी कासेल, तिथून म्युन्स्टर, मग बोखुमला मुक्काम करून ड्युइसबर्ग, जमलं तर वुप्पर्टाल, आणि शेवटचा आठवडा बर्लिन, असं पक्कं करतेय. प्रागचं प्रदर्शन सोडावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण जूनमध्ये गेलो तर सप्टेंबरचं बाकी सगळं जातं.

आता फक्त दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बोखुमला राहावं की एसेनला? रात्री प्रयोग संपल्यावर परत यायला गाड्या कुठून सोयीच्या? आणि बर्लिनला एखादं छोटं, प्रायोगिक नाट्यगृह कोणी सुचवेल का, जिथे प्रयोगानंतर तिथल्या प्रकाशयोजनाकारांशी दोन शब्द बोलता येतील?