मदत हवी आहे: रोहूच्या अंडाशयाचा आरएनए खरंच कुजलाय का?

नमस्कार मंडळी. मत्स्यशास्त्रात पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. रोहूच्या जननग्रंथी वाढताना कोणते मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारे, २२ अक्षरांच्या आसपासचे छोटे आरएनए) कमीजास्त होतात, हा विषय. फेब्रुवारीत वर्षभराचे नर-माद्या आणि जूनमध्ये गाबोळीने पोट टम्म झालेल्या माद्या व पिकलेले नर फाडले. प्रत्येकाचं अंडाशय किंवा वृषण, आणि तुलनेला यकृत. सगळं माझ्याच हाताने, एकाच पद्धतीने बर्फात.

आता घोळ ऐका. सिक्वेन्सिंगवाल्यांनी कोवळ्या माद्यांच्या अंडाशयांवर ‘डिग्रेडेड’ असा शेरा मारला. आलेखात १८एस-२८एसचे (राइबोसोमच्या दोन मोठ्या आरएनएंचे) सुळके बुटके आणि डावीकडे १२० अक्षरांपाशी (न्यूक्लिओटाइड) ताडमाड सुळका. त्याच माद्यांच्या यकृताचा आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा दहापैकी गुण) मात्र ९ च्या आसपास! ‘तुमच्या जबाबदारीवर’ असं लिहून घेऊन लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेले नमुने) केल्या, तर रीड्सच्या (वाचलेल्या तुकड्यांच्या) लांबीत दोन उंचवटे: २२ ला एक आणि २६ ते २८ ला त्याहून मोठा. वृषणातही तसंच. यकृतात फक्त २२ चा.

गाईड मॅडम म्हणतात, मासे परत धर. फेब्रुवारीचे मासे म्हणजे पुढचा फेब्रुवारी, आणि फेलोशिप काही तोवर थांबायची नाही.

शिवाय क्यूपीसीआरला (आरएनएचं प्रमाण मोजायची चाचणी) तुलनेचा स्थिर आरएनए म्हणून यू६ घेतला, तर अंडाशय आणि वृषणात त्याचंच सीटी (प्रमाण दाखवणारा आकडा) ३ ने वेगळं येतं. मग मिर-२०२ या मायक्रोआरएनएचा फरक खरा कसा मानू? मेडाका माशात हे जनुक काढून टाकल्यावर माद्या अंडी घालेनाशा झाल्या, किंवा थोडी घातली तीही फळली नाहीत (२०१८ चं काम), म्हणून माझा सगळा भर त्याच्यावर आहे.

खाडीकाठची: थांब, काहीही फेकू नकोस. १२० चा सुळका म्हणजे ५एस राइबोसोमल आरएनए. कोवळी अंडपेशी तो आधीच भरून ठेवते, १८एस आणि २८एस मागाहून येतात. लग्नघरात पत्रावळींचे गठ्ठे येऊन पडलेत, तांदूळ अजून दुकानात, तसं. आरआयएनचं गणित त्या दोन मोठ्या सुळक्यांवर बेतलेलं, म्हणून ते इथे फसतं. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर तर बोय जातीच्या नरांच्या वृषणात अंडपेशी शिरल्यात का, हे ५एस आणि १८एसच्या प्रमाणावरून पाहतात. जूनच्या माद्यांत तो सुळका तुलनेने खाली आलेला असेल, बघ.

२६-२८ चा उंचवटा पायआरएनए (मायक्रोआरएनएहून थोडे लांब, वेगळ्या जातीचे छोटे आरएनए) वाटतो. ते जननपेशींत असतात, म्हणून यकृतात नाही. संगणकावरच तपास: त्या रीड्सचं पहिलं अक्षर बहुतेक यू हवं (फाईलमध्ये टी दिसेल), आणि उलटसुलट धाग्यांवरच्या जोड्या १० अक्षरांनी एकमेकींवर चढलेल्या हव्यात. कुजका आरएनए असता तर लांबी अशी एका जागी गोळा झाली नसती, १५ पासून ४० पर्यंत पसरली असती.

जुनाट पिपेट: ताईंशी सहमत. यू६ सोडून दे. तुझ्याच डेटात सगळ्या नमुन्यांत सारखे राहिलेले दोन-तीन मायक्रोआरएनए निवड आणि त्यांची सरासरी धर. पण खरी भीती वेगळीच आहे. मेडाकात मिर-२०२-५पी (मिर-२०२ चंच एक रूप) ग्रॅन्युलोसा पेशींत (अंडपेशीभोवतीच्या आवरणातल्या) भरपूर असतो. जूनमध्ये अंडी पिवळ्या बलकाने फुगली की अख्ख्या अंडाशयात त्या पेशींचा वाटाच घटतो. मिर-२०२ ‘कमी झाला’ असं दिसेल, आणि प्रत्यक्षात एकाही पेशीत काही बदललेलं नसेल. जूनची गाबोळी गोठवलेली असेल तर फार काही करता येणार नाही. फॉर्मॅलिनमध्ये एखादा तुकडा ठेवलायस का? त्यावर इन सीटू (कोणत्या पेशीत किती आरएनए आहे ते तुकड्यावरच रंगवून पाहणं) करता येईल.

धागाकर्ती: ताई, दादा, खूप आभार. आत्ताच मोजलं: २६-२८ च्या दहांपैकी सातांहून जास्त रीड्स टीने सुरू होतात, यकृतातल्या मोजक्या रीड्समध्ये तसं नाही. मॅडमना आलेख पाठवलाय, अजून निळी टिक नाही. फॉर्मॅलिनमध्ये तीन माद्यांचे तुकडे आहेत, पण जूनपासून तसेच बुडलेत. एवढ्या जुन्या तुकड्यांवर इन सीटू कोणी केलंय का? त्यासाठीचा प्रोब (आरएनएला चिकटणारा खुणेचा तुकडा) विकत घ्यायच्या आधी कळलं तर बरं.